प्लॉट मालकीचा, घर किरायाचे

नांदेड आणि लातूरमध्ये नोकरदार कुटुंबाच्या मालमत्तेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. नोकरी कायम झाली की पतसंस्थेचे किंवा बँकेचे कर्ज काढून आधी प्लॉट घ्यायचा, सोयरिकीच्या बैठकीत तो सांगायचा आणि बांधकामाला हात घालेपर्यंत दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या घरात किरायाने काढायची. लातुरात हा प्लॉट अंबाजोगाई रोड, बार्शी रोड किंवा हरंगुळच्या बाजूला असतो. नांदेडात तरोडा, वाडी, कौठा किंवा असर्जनकडे. किरायाने राहून दुसरीकडे मालमत्ता करावी की आधी स्वतःच्या घरात जावे, यावर पुण्या-मुंबईत आता हिरिरीने चर्चा होते. मराठवाड्यातल्या शिक्षकाने, तलाठ्याने, बँकेतल्या कारकुनाने ही चर्चा न करताच तो प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. त्याच्या निर्णयाचा पहिला भाग, म्हणजे किरायाने राहणे, लोक समजतात त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा आहे. चूक आहे ती दुसऱ्या भागात. जो माणूस दुसऱ्याला किराया देतो, त्याच्या मालमत्तेने त्याला किराया दिला पाहिजे. मोकळा प्लॉट तो देत नाही. त्यामुळे हे कुटुंब दोन्हीकडून घाट्यात राहते आणि वर त्यालाच गुंतवणूक म्हणते.

आधी किरायाचा हिशेब पाहू. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण या शहरांत राहणाऱ्याला ते अनोळखी वाटू नयेत. समजा, दोन बेडरूमचा एक फ्लॅट 50 लाखांना विकायला आहे आणि त्याच इमारतीतला तसाच दुसरा महिना 12,000 रुपयांनी किरायाने मिळतो. वर्षाचा किराया झाला 1 लाख 44 हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्क्यांहूनही कमी. विकत घ्यायचा तर पदरचे 10 लाख आणि 40 लाखांचे कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे 34,700 रुपये. त्यातल्या पहिल्या हप्त्यातले 28,333 रुपये निव्वळ व्याजाचे असतात. किराया म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. पण हे व्याजही परत येत नाही आणि इथे ते किरायाच्या दुपटीहून जास्त आहे. वीस वर्षांत बँकेत 83 लाखांहून अधिक भरणा होतो. शिवाय महापालिका हद्दीतले साधारण सहा टक्के मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपये नोंदणी फी मिळून सव्वातीन लाखांच्या वर रक्कम पहिल्याच दिवशी जाते. तेवढ्यात त्याच फ्लॅटचा सव्वादोन वर्षांचा किराया भागला असता. व्याजाचा दर, वाचलेला किराया, घरपट्टी आणि डागडुजी हे सगळे जमेस धरले तर फ्लॅटचा भाव दरसाल सहा टक्क्यांच्या आसपास सतत वाढत राहिला, तरच खरेदीदार आणि भाडेकरू बरोबरीत येतात. म्हणजे आजचा 50 लाखांचा फ्लॅट बारा वर्षांनी, तोही जुना झालेला, कोटीला विकला गेला पाहिजे. वाढतो तो जमिनीचा भाव, आणि फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा वाटा लहान असतो. उरलेले बांधकाम असते, आणि ते दरवर्षी जुनेच होत जाते.

प्राप्तिकराची सवलत हा खरेदीच्या बाजूचा जुना आधार होता. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरचे 2 लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते, मुद्दलाला दीड लाखाच्या मर्यादेत जागा मिळते. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ही वजावटच नाही आणि घरभाडे भत्त्याचीही नाही. ही नवी प्रणाली 2023-24 पासून आपोआप लागू होणारी ठरली आणि 2025-26 पासून तिच्यात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शिक्षकांना, कारकुनांना, परिचारिकांना आता कर वाचवण्यासाठी घर घेण्याचे कारण उरलेले नाही. तरीही फ्लॅट विकणारा आपल्या जाहिरातीत कर वाचण्याचा मुद्दा सांगतोच.

पैशाच्या हिशेबाबाहेरचा पण तितकाच ठोस मुद्दा आहे जागा बदलण्याच्या मोकळिकीचा. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी 1990 च्या दशकात असे मांडले की घरमालकीचे प्रमाण जिथे जास्त, तिथे माणसे कामामागे जायला बिचकतात आणि बेरोजगारी वाढते. त्यांच्या निष्कर्षावर वाद झाले, पण त्यातले कारण नांदेड जिल्ह्यात उघड दिसते. देगलूर, मुखेड किंवा किनवट तालुक्यात नेमणूक असलेला माणूस नांदेडला घर बांधतो आणि मग वर्षानुवर्षे एसटीने, रेल्वेने किंवा चौघांनी मिळून केलेल्या गाडीने ये-जा करतो. बदली झाली तरी घर बदलत नाही, फक्त रस्ता बदलतो. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत, तरी घरभाडे भत्ता घेतात, हा विषय 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी लावून धरला तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्यात गावात राहण्याजोगी घरे नाहीत हा शिक्षकांचा मुद्दा खरा होता. पण कर्ज काढून शहरात बांधलेले घर माणसाला तिथेच बांधून ठेवते, हे कुणी बोलले नाही. लातूरकरांना याहून कडक धडा 2016 साली मिळाला. मांजरा धरण कोरडे पडले, पाणीवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. त्या उन्हाळ्यात अनेक भाडेकरूंनी बिऱ्हाड हलवले. ज्याचे सगळे भांडवल लातूरच्या एका घरात होते, तो टँकरची वाट पाहत राहिला. जिथे घर पाहताना खोल्यांच्या आधी बोअरला पाणी आहे का हे विचारतात, तिथे उठून जाता येण्याला किंमत आहे. ती आपण हिशेबात धरत नाही इतकेच.

इथपर्यंत भाडेकरूची बाजू भक्कम आहे. आता त्याच्या मालमत्तेकडे वळू. शहराच्या कडेच्या ले-आऊटमधला तो प्लॉट जवळून पाहावा. चार कोपऱ्यांना सिमेंटचे खांब, त्यातला एक कललेला. तारेचे दोन पदर. आत गाजरगवत आणि उगवून आलेली वेडी बाभूळ. समोर पत्र्याची पाटी, जागा अमक्याच्या मालकीची आहे, विक्रीचा व्यवहार केल्यास फसवणूक होईल, खाली मोबाइल नंबर. मालकीची खात्री असती तर ही पाटी लावावी लागली नसती. वर्षातून दोनदा येऊन खुणा पाहायच्या, शेजारच्याने कुंपण पुढे सरकवले का ते बघायचे, मोकळ्या जागेचा कर भरायचा, हा या गुंतवणुकीचा दिनक्रम आहे. 20 लाखांना घेतलेला असा प्लॉट दहा वर्षे राखला, तर सात टक्क्यांच्या मुदत ठेवीची नुसती बरोबरी करण्यासाठी त्याची किंमत जवळपास दुप्पट व्हायला हवी. त्याच दहा वर्षांत 12,000 पासून सुरू झालेला आणि दरसाल पाच टक्क्यांनी वाढणारा किराया त्याच कुटुंबाच्या खिशातून सुमारे 18 लाख रुपये नेतो. त्या 18 लाखांत प्लॉटचा वाटा एका रुपयाचाही नाही. उलट प्लॉटच्या कर्जाचा हप्ता आणि किराया, असे दोन्ही एकाच पगारातून जातात.

भाव दुप्पट-तिप्पट होतात असे सांगणाऱ्याकडे दाखला म्हणून कुणाचा तरी एक प्लॉट असतोच. अडकून पडलेल्या प्लॉटांचे दाखले मात्र कुणी सांगत नाही. एन.ए. झालेला, मंजूर ले-आऊटमधला प्लॉट वेगळा आणि शेताचे गुंठे पाडून विकलेला वेगळा, हे दरवेळी खरेदीनंतर कळते. अशा गुंठेवारी वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याला 2001 मध्ये कायदा करावा लागला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. 12 जुलै 2021 च्या परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांची खरेदीखते नोंदवणे थांबले. पुढे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. दरम्यानच्या काळात मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी प्लॉट मोडायला निघालेल्याला रजिस्ट्री ऑफिसातून हात हलवत परत यावे लागले. गरजेच्या वेळी विकता येत नाही आणि गरज नसताना काही देत नाही, अशा वस्तूवर आयुष्याची बचत लावण्याला धाडस म्हणावे लागते, आणि हे धाडस जपून खर्च करणारी माणसे करतात.

तर मग किराया देणारी मालमत्ता या शहरांत आहे का? आहे, आणि ती लातूरच्या शिक्षणाने घडवली आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांतून जे 'लातूर पॅटर्न' म्हणून गाजले, त्याचे पुढे शिकवण्यांच्या मोठ्या बाजारात रूपांतर झाले; नांदेडातही श्यामनगर, बाबानगर, भाग्यनगरच्या परिसरात तो उभा आहे. परभणी, हिंगोली, बीड, यवतमाळ, अगदी खानदेशातूनही मुले नीट-जेईईसाठी येतात. कित्येकदा आई मुलासोबत दोन वर्षे लातुरात बिऱ्हाड करते आणि वडील गावी शेती पाहतात. या दोन वर्षांसाठी फ्लॅट विकत घेऊन नंतर विकू, असा विचार करणाऱ्या पालकाने मुद्रांक शुल्काचा वरचा हिशेब पुन्हा वाचावा. पण याच गरजेतून शिकवणी भागातले ते ओळखीचे घर तयार झाले: तळमजल्यावर मालकाचे कुटुंब, बाहेरून जिना, वरच्या मजल्यावर ओळीने खोल्या, प्रत्येकीत खाट, टेबल आणि भिंतीवर आवर्तसारणीचा तक्ता, दुपारी जिन्यात मेसचे डबे. समजा, 20 लाखांच्या प्लॉटवर 30 लाख घालून अशा आठ खोल्या काढल्या आणि दर खोलीला 5,000 रुपयांनी वर्षातले दहा महिने किराया मिळाला, तर 4 लाख येतात. लाईट, पाणी, रंगरंगोटी वजा जाता 50 लाखांवर सहा-सात टक्के हाती राहतात. कुटुंबाला किरायाने दिलेल्या फ्लॅटच्या दुप्पट. मालकाने स्वतःही त्याच इमारतीत राहायचे ठरवले, तर राहणे आणि गुंतवणे हे दोन्ही एका जागी साधते. नसेल राहायचे, तर जिथे काम आहे तिथे तो किरायाने राहू शकतो आणि त्या किरायाची भरपाई या खोल्या करतात.

यातली जोखीम मात्र लपवू नये. राजस्थानातल्या कोटा शहरात विद्यार्थी कमी झाले तेव्हा 2024 मध्ये वसतिगृहांच्या खोल्या रिकाम्या पडल्या आणि कर्ज काढून ती बांधणारे अडचणीत आले. लातूर-नांदेडची खोल्यांची मागणी एक-दोन परीक्षांवर आणि मोजक्या शिकवण्यांवर उभी आहे. परीक्षेची पद्धत बदलली, ऑनलाइन शिकवण्या वाढल्या किंवा शिकवणीवाल्यांनी दुसरे शहर गाठले तर आज भरलेल्या खोल्या ओस पडतील. म्हणून सगळी शिल्लक तिथेच लावा, असा सल्ला कुणी देऊ नये. पण रिकामी खोली आणि रिकामा प्लॉट यात फरक आहे. खोलीने बरी वर्षे तरी किराया दिलेला असतो.

आता आक्षेप. पहिला भाववाढीचा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग या दोन्ही जिल्ह्यांतून गेला, लातूरला रेल्वे डबे बनवण्याचा कारखाना आला, जालना-नांदेड द्रुतगती मार्ग व्हायचा आहे. जमिनीला सोन्याचा भाव येणार, मग किरायाचा विचार कशाला? रस्त्यांनी जमिनीचे भाव चढतात हे खरे आहे. पण महामार्गाच्या मोबदल्याचे पैसे पुन्हा शहराकडेच्या प्लॉटांत येतात आणि एकाच वेळी सगळे खरेदीदार झाले की भाव कारखान्यातल्या नोकऱ्यांच्या कितीतरी पुढे पळतो. त्या भावाला शेवटी कुणीतरी तिथे घर बांधून राहायला हवे. राहणाऱ्याला परवडेल तो किराया हाच कोणत्याही जागेच्या किमतीचा पाया असतो. तो पाया न पाहता वाढलेला भाव पुढच्या खरेदीदाराच्या आशेवर तोललेला राहतो.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. हप्ता नसता तर हे पैसे शिल्लक राहिले असते का? लग्न, बारसे, भावाची अडचण, शेतातली नापिकी, दवाखाना यांत मुदत ठेव मोडते. प्लॉट मोडायला सहज जमत नाही म्हणून तरी तो टिकतो. नोकरदाराच्या मिळकतीवर गावाकडच्या किती जणांचा हक्क असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो हा मुद्दा हसण्यावारी नेणार नाही. पण सक्तीची बचतच हवी असेल तर हप्ता किराया देणाऱ्या मालमत्तेचाही भरता येतो. तिथे तर अर्धा-अधिक हप्ता भाडेकरू भरतो. शिस्त हप्त्यातून येते, जागा मोकळी ठेवण्यातून येत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे माझ्या मांडणीला मर्यादा घालावी लागते. किरायाचे घर सगळ्यांना सारखे मिळत नाही. आडनाव विचारून, जात ताडून, धर्म पाहून, मांसाहार करता का असे विचारून घर नाकारले जाते. एकट्या बाईला, विधवेला, घटस्फोटितेला तर आणखी फाटे फोडले जातात. दलित आणि मुस्लिम कुटुंबांसाठी स्वतःचे घर हा तीन टक्के-सहा टक्क्यांचा प्रश्न नसतो. दर अकरा महिन्यांनी होणाऱ्या अपमानातून सुटण्याचा तो मार्ग असतो. त्यांना कुणी ऑस्वाल्ड वाचून दाखवू नये. शासनही मालकालाच ओळखते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर संपूर्ण पुनर्वसन झालेल्या गावांत घरांचे आकार जमीनधारणेवर ठरले: एक हेक्टरपर्यंत किंवा जमीन नसलेल्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत 400 आणि त्यावर 750. संकटातही ज्याच्या नावावर जास्त त्याला जास्त, हे ज्या भागाने पाहिले, तिथे नावावर काहीतरी असावे ही ओढ भाबडी म्हणता येत नाही.

मात्र या असुरक्षिततेचा मोठा हिस्सा टाळता येण्याजोगा आहे. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा 1954 चा घरभाडे नियंत्रण कायदा होता; 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू झाला. त्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे; ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य. उलट मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट भरपाई घेण्याची सोय कलम 24 मध्ये मालकासाठी आहे. तरीही आपल्याकडे बाँडवर नोटरी करून किंवा नुसत्या तोंडी बोलीवर कारभार चालतो. मग मालक भाडेकरूला भितो, भाडेकरू मालकाला भितो आणि घर कुलूपबंद राहते. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांतली सुमारे 12 टक्के घरे रिकामी होती. महाराष्ट्रात अशी सुमारे 20 लाख. त्याच वेळी शहरांतल्या किरायाच्या घरांचा वाटा 28 टक्क्यांपर्यंत उतरला होता. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त कुटुंबे किरायाने राहतात. तिथे करार टिकाऊ असतात आणि मालकाला मन मानेल तेव्हा घर खाली करून घेता येत नाही. किरायाने राहण्याची भीती ही त्या राहण्याची अटळ बाजू नाही. ती करार न करण्याची आणि भेदभावाला शिक्षा नसण्याची बाजू आहे.

चौथा प्रश्न म्हातारपणाचा, आणि त्यावर स्पष्ट उत्तर देता येते. निवृत्तीनंतर किरायाने राहू नये. 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी हमीची पेन्शन नाही. मार्च 2023 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप त्याच धास्तीतून झाला. वाढता किराया आणि बेभरवशाची पेन्शन एकत्र नांदत नाहीत, आणि साठीनंतर नोकरीच्या जागेचे बंधनही उरत नाही. तेव्हा घर हवेच. पण ते पंचावन्नाव्या वर्षी, मुलांची शिक्षणे झाल्यावर, कुठे राहायचे हे कळल्यावर घ्यायचे आहे. तिशीत घेतलेले घर बहुधा त्या वेळच्या नोकरीसाठी, त्या वेळच्या सोयरिकीसाठी आणि त्या वेळच्या पाण्याच्या भरवशावर घेतलेले असते. साठीत त्यातले फारच थोडे जागेवर असते.

म्हणून प्रश्न मालकी की किराया असा विचारण्यापेक्षा दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. राहायचे कुठे, हे काम, शाळा, दवाखाना आणि पाणी यांनी ठरवावे. पैसा कुठे ठेवायचा, हे निर्वेध कागदपत्रे, वर्षाला हाती येणारी रक्कम आणि गरजेला विकता येण्याची सोय यांनी ठरवावे. दोन्हींचे उत्तर एकाच इमारतीत मिळाले तर आनंदच आहे. मिळाले नाही तर ओढूनताणून मिळवू नये. आज ज्यांच्याकडे मोकळा प्लॉट आहे, त्यांनी त्यावर किराया देईल असे काही बांधावे, नाहीतर चांगला भाव असेपर्यंत तो विकून टाकावा. आणि नव्याने प्लॉट घ्यायला निघालेल्याने इसार देण्याआधी विक्रेत्याला एकच विचारावे: ही जागा पुढच्या वर्षी मला किती रुपये देईल? पाच-दहा वर्षांनंतरच्या भावाने जो उत्तर देतो, त्याच्याकडे आजच्या प्रश्नाचे उत्तर नाही, असे समजून उठावे.